रांगायला जागा

माझी मुलगी तीन वर्षांची होत आली तरी एक शब्द बोलत नव्हती, आणि गावानं तिला मुकी ठरवून टाकलं होतं. हँडपंपावर गेले की बाया मला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात 'मुकीची माय आली' म्हणायच्या. मी कोणाचं ऐकून घेणारी बाई नव्हे. एकीला मी तिथल्या तिथं सांगितलं, की तुमच्या घरची बोलणारी बोलून काय दिवे लावून राहिली ते दिसतंच आहे. पण राग बाहेर काढला तरी भीती आतच राहायची.

मी अकोल्याची. जठारपेठेत वडिलांचं बटणं-दोऱ्यांचं छोटं दुकान, वर राहायचं घर. गृहविज्ञान घेऊन बी.ए. झाले आणि दर्यापूर तालुक्यातल्या एका गावात सून म्हणून गेले. बालविकास हा माझा आवडता विषय. पुस्तकात वेगवेगळी प्रकरणं असायची: शरीराचा विकास, भाषेचा, बुद्धीचा, भावनांचा, आणि चार माणसांत वागण्याचा. कोणत्या महिन्यात काय यायला पाहिजे ते मी घडाघडा म्हणून दाखवायची. परीक्षेत एका प्रकरणाचं उत्तर दुसऱ्यात लिहिलं तर मार्क कापत. त्यामुळे डोक्यात पक्कं बसलं होतं, की ही खाती निरनिराळी. लेकरू बोलत नाही म्हणजे भाषेच्या खात्यात काहीतरी बिघाड. मी तिच्या तोंडाकडे बघत बसायची. आई म्हण, बाबा म्हण, माऊ म्हण. ती माझ्याकडे टुकुटुकु बघायची आणि हसायची. ते हसणं बघून मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

ती वर्षं कापसाला भाव नसलेली. त्या वर्षांबद्दल पेपरात जे आलं ते खरंच आहे, मी त्यात काय सांगणार. आमच्या घरात जे झालं ते इतकं साधं, की त्याची बातमी होण्यासारखं काही नव्हतं. आमच्याकडे लेकरू खाली ठेवायला जागा उरली नव्हती.

मामाजी, म्हणजे माझे सासरे, हट्टाला पेटलेले. भाव आल्याशिवाय बोंडसुद्धा विकायचं नाही. वेचलेला कापूस घरात येत गेला. आधी आतली खोली भरली, मग माजघर, मग देवघराच्या समोरची जागा. कापूस छातीपर्यंत आला, मग हात पोचणार नाही एवढा. स्वयंपाकघरापासून समोरच्या सपरीपर्यंत, म्हणजे ओट्यापर्यंत, तेवढी एक चिंचोळी वाट ठेवलेली, आणि तिच्यातून आम्ही अंग चोरून जायचो. उदबत्तीसुद्धा अंगणात तुळशीपाशी लावायची, ठिणगीची भीती. जुन्या कापसात कीड पडते आणि अंगाला खाज सुटते, म्हणून घरातलं कोणी ना कोणी सतत पाठ खाजवत असायचं. दोन हंगाम असे गेले. पावसाळ्याच्या तोंडाशी थोडासा विकायचा, तेवढ्यात पुढचा हंगाम यायचा आणि त्याच्यावरच नवा कापूस पडायचा. गावात आमचं एकट्याचंच घर असं होतं असं नाही. ज्याला ज्याला तग धरणं शक्य होतं, तो कापूस घरात घेऊन बसला होता.

मुलगी बसायला लागली तो पहिला हंगाम. आता हिला खाली सोडावं, तर आत्याबाई, म्हणजे सासूबाई, मधे पडल्या. त्यांच्या माहेरी, त्या लहान असताना, एक रांगतं लेकरू कापसाच्या ढिगात गेलं होतं. वरून ढीग घसरला. सापडलं तेव्हा संपलेलं होतं. ही गोष्ट त्यांनी मला एकदाच सांगितली, आणि सांगताना माझ्या लेकीचं पाऊल हातात घट्ट धरून ठेवलं होतं. मग काय बोलणार? अंगणात सोडावं तर तिथं बैल, आणि एका कडेला पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या झाडांच्या, वाळल्या काड्यांचा ढीग, त्यात विंचू. तेव्हा लेकरू कडेवर. माझ्या कडेवर, आत्याबाईंच्या कडेवर, मामाजींच्या खांद्यावर, दुपारी बाजेवर नाहीतर झोळीत. घरभर हातोहात फिरायची. एवढे लाड कोणाच्या वाट्याला येतात! तिनं नुसतं पाण्याच्या मडक्याकडे पाहिलं की तोंडाशी फुलपात्र आलंच. भुकेची वेळ व्हायच्या आत घास तयार. तिला एकच खूण करावी लागायची, दोन्ही हात वर करायचे की कोणीतरी उचलून घ्यायचं. बोट धरून चार पावलं टाकायची आणि लगेच हात वर.

शहाणी आहे म्हणून तिचं कौतुकही व्हायचं. रडत नाही, हट्ट करत नाही, कशाला हात लावत नाही. मलाही ते ऐकून बरं वाटायचं. आता वाटतं, कशाचा हट्ट करणार होती बिचारी? हट्ट करायला समोर एखादी वस्तू आपल्या पायांनी गाठता यावी लागते, आणि ती कोणीतरी हिसकावून घ्यावी लागते. हिच्या वाट्याला दोन्ही नव्हतं.

त्यात घरातलं बोलणंच आटलेलं. मामाजी सकाळी रेडिओवरचे बाजारभाव ऐकायचे आणि बंद करून वावरात निघून जायचे. माझा नवरा तर जन्माचाच अबोल. त्याला काही विचारलं की एकच उत्तर, बाबा म्हणतील तसं. मी म्हणायची, तुमचं लग्नसुद्धा बाबा म्हणाले म्हणूनच झालं, नाहीतर तुम्ही होय म्हणेपर्यंत मी म्हातारी झाले असते. तो हसायचा, पण शब्द नाही. कापसानं भिंती झाकल्या होत्या, आवाजही त्यात मुरल्यासारखा व्हायचा. एवढ्या माणसांत राहून माझ्या लेकीच्या कानावर दिवसभरात किती बोलणं पडत असेल, कोण जाणे.

अमरावतीला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी कान तपासले, तपासणी करून घेतली, म्हणाले कान चांगले आहेत, ऐकू नीट येतं, जरा वाट बघा. मी तेवढ्यावर चार दिवस तरंगत होते. घरात मात्र कोणाचा विश्वास बसेना. ऐकू येतं तर बोलत काहून नाही, असं जो तो मलाच विचारायचा.

माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, रेल्वेत, बडनेऱ्याला क्वार्टरमध्ये राहायचे. त्यांनी अमरावतीत चौकशी केली. न बोलणाऱ्या मुलांची एक शाळा होती, लहान मुलांचा वर्ग होता. पोरीला बडनेऱ्याला जावेकडे ठेवायचं, रोज कोणीतरी नेऊन सोडेल, सुटीत गावी यायचं. उन्हाळा संपला की घेऊन जाऊ, असा निरोप आला. भासरे चांगलेच होते, जाऊही मायाळू, तिची मुलं मोठी झालेली, ती वाट बघत होती. वाईट कोणीच नव्हतं, म्हणून भांडायचं कोणाशी हेच कळेना. मामाजी हो म्हणाले. नवरा, सांगायला नकोच, बाबा म्हणतील तसं. माझं लेकरू माझ्यापासून जाणार होतं, आणि थांबवायला तिच्या तोंडून एक शब्द पुरला असता.

चैत्रात मी चार दिवस माहेरी अकोल्याला गेले. वडिलांच्या घराला मागच्या बाजूला फरशीची लांब गॅलरी आहे. तिथं काहीच नव्हतं, एका टोकाला पाण्याचं पिंप, दुसऱ्या टोकाला चपलांचं खोकं. पहिल्याच दुपारी मी लेकीला कडेवर घेऊन घेऊन इतकी दमले होते की तिला फरशीवर ठेवलं आणि भिंतीला टेकून बसले. तिनं हात वर केले. मी म्हटलं, थांब गं माय जरा. तिनं अजून थोडा वेळ हात तसेच वर धरून ठेवले. मग खाली घेतले. मग फरशीवर पालथी झाली आणि रांगायला लागली. अडीच वर्षांची मुलगी, सहा-आठ महिन्यांच्या पोरासारखी रांगत निघाली, पिंपापर्यंत. पिंपाला धरून उभी राहिली. तोटी फिरवली. पाणी अंगावर आलं तशी दचकली आणि माझ्याकडे वळून 'ह!' म्हणाली.

'ह' हा काही शब्द नव्हे. पण तो माझ्यासाठी होता. आजवर तिच्या तोंडून आवाज निघायचे ते आपले आपल्याशी. हा आवाज मला बोलावत होता, की बघ, हे काय झालं. मी उठले, म्हटलं, पाणी! पाणी सांडलं! तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग पाण्याकडे, मग परत माझ्या तोंडाकडे. आजवर मी तिला हजार वेळा पाणी म्हणून दाखवलं होतं, फुलपात्र तोंडाशी नेऊन. पण ते पाणी मी आणलेलं. हे पाणी तिनं गाठलं होतं, तिला ते काय आहे ते हवं होतं.

त्या चार दिवसांत तिनं गॅलरी पालथी घातली. चपला उचलून माझ्या आईच्या मांडीत आणून टाकायच्या आणि 'ह' म्हणायचं. मग आईनं म्हणायचं, चप्पल. मग दुसरी. पडली की रडायची, खरंखुरं मोठ्यानं, आणि कोणी धावत येतं का ते रडता रडता बघायची. एकदा माझ्या वडिलांनी तिच्या हातातला बटणांचा डबा काढून घेतला, तर फरशीवर आडवी पडून हातपाय आपटले. वडील घाबरले. मला मात्र इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं. लेकीला राग आला होता! कोणत्या प्रकरणात घालू हे? पाय मोकळे झाले म्हणून वस्तू मिळाली, वस्तू मिळाली म्हणून हिसकावली गेली, हिसकावली म्हणून राग, आणि राग आला तशी घशातून ताकद निघाली. ज्या पुस्तकावर मी पहिल्या वर्गाचे मार्क घेतले होते त्यात हे सगळं वेगवेगळ्या पानांवर होतं. लेकराला कोण सांगणार की पानं वेगळी आहेत?

मी हे सगळ्या लेकरांचं म्हणून सांगत नाही. काहींना खरंच ऐकू येत नाही, त्यांना वेळेत शाळा मिळायलाच पाहिजे, तिथं जमीन मोकळी करून काही होत नाही. माझ्या लेकीचं मात्र मला तिथं कळलं.

गावी परत आले त्याच संध्याकाळी मी मामाजींसमोर उभी राहिले. आमच्याकडे सून सासऱ्याशी समोरासमोर बोलत नसे. जे सांगायचं ते सासूमार्फत. मी पदर सारखा केला आणि थेट म्हटलं, माजघर खाली करून द्या, पोरीले जमीन पाहिजे.

त्यांनी विचारलं, "कापसाचा अन् बोलन्याचा काय संबंध?"

"तिले कायी मागायचीच गरज पडत नाही, मामाजी. मंग थे तोंड कशाले उघडीन?"

ते उठून निघून गेले. भाव येईल, थोडे दिवस थांब, असं काहीतरी पुटपुटले. मला त्या वेळी त्यांचा भयंकर राग आला, आणि खरं सांगायचं तर अजूनही थोडा आहे. एवढ्या वर्षांत मी त्यांची बाजू समजून घेतली आहे. तीन हंगामांची मेहनत मातीमोल द्यायची म्हणजे त्यांच्यासाठी हार होती, आणि त्या वर्षांत हरलेल्या माणसांचं काय होत होतं ते आम्ही शेजारच्या गावांतून ऐकत होतो. समजलं म्हणून राग जातोच असं नाही.

सकाळी मी चूल पेटवत होते तर माजघरातून सळसळ ऐकू आली. जाऊन पाहते तर आत्याबाई एक जुनं लुगडं पसरून त्यात कापूस भरत होत्या. गाठ मारली, ओढत नेली आणि बाहेर सपरीवर नेऊन टाकली. परत आल्या, दुसरी भरली. मी विचारलं, हे काय करून राहिल्या? त्या म्हणाल्या, तू चहा ठेव. मी चहा ठेवला आणि मीही लागले. मामाजी उठून बाहेर आले तेव्हा सपरीवर गुडघाभर कापूस झाला होता. वळवाचे दिवस, केव्हाही शिंतोडे येतील, रस्त्यावरच्या गाईगुरांनी तोंड घालावं. ते ओरडतील म्हणून मी तयार होते. आत्याबाई थांबल्या नाहीत. ढिगात हात घालताना प्रत्येक वेळी आधी हळूच चाचपून बघत होत्या, जणू आत कोणी असेल. तेवढं मी पाहिलं आणि मग दुसरीकडे बघितलं. मामाजींनीही पाहिलं असावं. दुपारी त्यांनी व्यापाऱ्याला निरोप धाडला. मेटॅडोर आली, काटा लागला, सपरीवरचा आणि माजघरातला कापूस गेला. भाव काय मिळाला ते मी विचारलं नाही.

माजघराची जमीन बघून मलाच नवल वाटलं. खाली उंदरांनी पोखरलेलं, धूळ, सरक्या. मी आणि आत्याबाईंनी ती खरवडली, माती भरली, शेणानं सारवली. वाळली तशी लेकीला आत सोडलं.

शेजारी गाद्या भरणाऱ्या एका मुसलमान कुटुंबाचं घर होतं. त्यांच्या दोन पोरी अकरा-बारा वर्षांच्या, आमच्याकडे यायच्या पण उंबऱ्यातून परत जायच्या, कारण उभं राहायला जागा नसायची. आता त्या रोज दुपारी टिकऱ्या खेळायला माजघरात. खडूनं घरं आखायची आणि लंगडी घालत फुटकी कौलं सरकवायची. लेक भिंतीला धरून बघत बसायची. मग एका दिवशी आखलेल्या घरांत जाऊन टिकरी उचलून पळाली. पळाली म्हणजे काय, डुलत डुलत चार पावलं. पोरी तिच्या मागं, 'ए दे ना, इधर ला ना.' ती टिकरी छातीशी धरून खदखदा हसत होती. तिच्या आयुष्यात पहिल्यांदा तिच्याजवळ असं काहीतरी होतं जे दुसऱ्याला हवं होतं. त्या दिवसापासून पोरींनी तिला खेळात घेतलं. तिची पाळी आली की टिकरी हातात द्यायच्या, आणि पाळी संपली की काढून घ्यायच्या. पाळी संपणं तिला अजिबात पसंत नव्हतं. असा आरडाओरडा करायची, की मामाजी बाहेरून विचारायचे, काय झालं. आम्ही सांगायचो, कायी नाही, डाव चालू आहे.

आवाज वाढत होते. 'ह'च्या जोडीला 'दे' सारखं काही, 'आं' सारखं काही. पण शब्द म्हणावा असा शब्द नाही. उन्हाळा मात्र संपत आला. मी रोज कॅलेंडरकडे बघायची आणि तिच्या तोंडाकडे. नवऱ्याला म्हटलं, थोडं थांबवा, तुमच्या भावाला सांगा. त्या वेळी तो पहिल्यांदा बाबा म्हणतील तसं असं म्हणाला नाही. म्हणाला, मी सांगून पाहिलं, दादा म्हणतात शाळेतली जागा एकदा गेली की वर्ष जाईल. बिचाऱ्यानं सांगून तरी पाहिलं होतं.

ते दोघं आले तेव्हा जावेनं नवा झगा आणला होता, निळा, फुलांचा. सपरीवर सगळे बसले. चहा झाला. भासरे म्हणाले, चारच्या गाडीनं निघू, उजेडात बडनेऱ्याला पोचलेलं बरं. आत माजघरात टिकऱ्यांचा डाव चालला होता, लेकीची पाळी होती. जाऊ उठून आत आली आणि म्हणाली, आण इकडं, झगा घालून देते.

मला काय झालं कोणास ठाऊक. मी लेकीला उचललं आणि कोपऱ्यात जाऊन भिंतीला पाठ लावून उभी राहिले. म्हटलं, नाही देणार. जाऊ हातात झगा घेऊन उभी. मागं आत्याबाई आल्या, मामाजी दारात, भासरे त्यांच्या मागं, नवरा सर्वांत मागं. कोणी माझ्यावर रागावलं नव्हतं. सगळ्यांच्या डोळ्यांत कीव होती आणि ती मला सोसवेना. मी लेकीला अजून घट्ट आवळलं. ती वळवळायला लागली. टिकरी खाली पडली होती, तिकडं बघून पाय झाडायला लागली. मी तिचे पाय धरले. तिनं दोन्ही तळहात माझ्या छातीवर लावले आणि मला ढकललं. चेहरा लालबुंद, मान मागं टाकलेली.

"सोड."

मला वाटलं, मीच मनात म्हटलं.

"सोड मले!"

जावेच्या हातातला झगा खाली आला. तीन वर्षं मी तिच्या तोंडाशी कान नेऊन नेऊन आई ऐकायची वाट पाहिली होती, आणि आता ती माझ्या मिठीत होती, मला तिला अजून आवळून धरावंसं, तिथंच धरून ठेवावंसं वाटत होतं.

मी हात सैल केले. ती सरकत खाली उतरली, टिकरी उचलली आणि मागं वळून न बघता खेळायला गेली.